दाराच्या चौकटीवरच्या खुणा

पत्र :

ताई, आम्ही मूळचे सांगलीचे, पंधरा वर्षं झाली कॅनडात ब्रॅम्प्टनला येऊन. मुलगा १३ वर्षांचा, नोव्हेंबरचा जन्म. पाचव्या वर्षापासून आइस हॉकी खेळतो, सगळा जीव त्यातच. उंची ४ फूट १० इंच, वजन ३८ किलो. गेल्या महिन्यात ट्रिपल ए या वरच्या पातळीच्या संघाच्या ट्रायआउटमधून (निवड चाचणीतून) त्याला वगळलं. प्रशिक्षक म्हणाले, "हात छान आहेत, डोकं छान आहे, पण अंगानं फारच लहान. वाढला की आणा." तेव्हापासून पोरगं पार बदललंय. दर रविवारी दाराच्या चौकटीला पाठ टेकवून उभं राहतं आणि बाबांना पेन्सिलीनं खूण करायला लावतं. रात्री बारला लोंबकळतं. परवा त्याच्या कपाटात उंची वाढवायच्या पावडरीचा डबा सापडला, वाढदिवसाच्या पैशातून ऑनलाइन मागवलेला. ह्यांचं म्हणणं, आता पुरे, अभ्यासाला लागू दे, आपल्या घरात कोण सहा फुटी आहे? हे ५ फूट ६, मी ५ फूट १. सासूबाई फोनवर "मूर्ती लहान पण कीर्ती महान" म्हणून धीर देतात. एका ओळखीच्यांनी हार्मोनच्या इंजेक्शनचं सुचवलंय. दुसऱ्या शहरातले एक खासगी प्रशिक्षक म्हणतात, दोन वर्षं माझ्याकडे राहायला पाठवा, मी घडवतो. ताई, इतक्या लहान चणीच्या मुलाला या खेळात खरंच काही भवितव्य असतं का? खोटा धीर देऊ नका.
– एक आई

उत्तर :

नमस्कार.

कपाटातल्या डब्याचं वाचलं आणि पोटात कालवलं. वाढदिवसाच्या पैशातून तेरा वर्षांचं पोर उंची विकत घ्यायला निघतं, म्हणजे ते किती दिवस मनातल्या मनात कुढत असेल. म्हणून एनएचएलचं, म्हणजे तिथल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक हॉकी लीगचं, बोलण्याआधी तुमच्या घराचं बोलते.

ती पेन्सिल आजच काढून टाका. या वयाची, अजून झपाट्याची वाढ सुरू न झालेली मुलं वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढतात. म्हणजे आठवड्याला जेमतेम १ मिलिमीटर, आणि पेन्सिलीची रेघच तेवढी जाड असते. शिवाय आपण सगळेच सकाळी थोडे उंच असतो आणि दिवसभर चालून-बसून संध्याकाळपर्यंत सेंटीमीटरभर कमी होतो. एका रविवारी सकाळी मोजलं आणि पुढच्या रविवारी रात्री, तर पोराला वाटणार आपण आकसलो. तुम्ही म्हणाल, तोच हट्ट धरतो. धरू दे. "डॉक्टर दर सहा महिन्यांनी मोजतील, तेच खरं माप" असं सांगून मोकळ्या व्हा. चौकटीवरच्या जुन्या खुणा मात्र पुसू नका, त्या त्याच्या लहानपणाच्या आहेत.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. भवितव्य असतं का? एनएचएलचे संघ ३२, आणि सामन्याला एका संघाचे २० जण उतरतात. जगभरातून सगळे मिळून साडेसहाशेच्या आसपास खेळाडू, आणि त्यांची सरासरी उंची ६ फूट १ इंचाच्या घरात. तुमच्या ब्रॅम्प्टनच्या रिंकवर आज जी धिप्पाड पोरं दिसतात, त्यांच्यातलंही बहुधा कुणी तिथवर पोचणार नाही. तेव्हा "याला एनएचएल मिळेल का" हा हिशेब कुठल्याच आईनं मांडू नये, उंच मुलाच्याही नाही. पण "लहान चणीच्या मुलाला या खेळात दारच बंद असतं का" असं विचारत असाल, तर नाही. दार किलकिलं असतं. आणि त्या फटीतून आत गेलेला एक माणूस मला इतका आवडतो की त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मार्टिन सँ लुई. मुलाला विचारा, त्याला नाव माहीत असेलच, कारण आज तो माँट्रियल कॅनेडियन्सचा मुख्य प्रशिक्षक आहे. जन्म १९७५चा, क्यूबेकमधल्या लावालचा. कागदोपत्री उंची ५ फूट ८ इंच. अठराव्या वर्षी एनएचएलच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) एकाही संघानं त्याला निवडलं नाही, पुढेही नाही. तो अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठात गेला, चार वर्षं खेळला आणि २६७ गुणांचा (गोल केला किंवा गोलला पास दिला की एक गुण) विद्यापीठाचा विक्रम करून बाहेर पडला. इतक्या गुणांवर उंच मुलाच्या घरी फोनची रीघ लागली असती. याला १९९७मध्ये ओटावा सेनेटर्सनं सरावाला बोलावलं आणि परत पाठवलं. मग तो खालच्या लीगमध्ये क्लीव्हलँडला खेळला. १९९८मध्ये कॅल्गरी फ्लेम्सनं करार केला, पण तिथेही वर-खाली चालूच. कॅल्गरीसाठी दोन हंगामांत मिळून ६९ सामने आणि गोल फक्त ४. २०००च्या उन्हाळ्यात त्यांनीही सोडून दिलं. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. तेराचा नव्हे, पंचवीसचा. त्या वयात आपल्याकडे लोक मुलाला बाजूला घेऊन सांगतात, झालं तेवढं खूप, आता नोकरीचं बघ.

टँपा बे लाइटनिंगनं त्याला घेतलं. तेव्हा तो संघ तळाशी होता, म्हणूनच कदाचित त्यांच्याकडे संधी द्यायला जागा होती. पहिल्या हंगामात १८ गोल. आणि २००३-०४मध्ये, लीगमध्ये सर्वांत जास्त ९४ गुण आणि त्यासाठीची आर्ट रॉस ट्रॉफी, सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफी, आणि लीगच्या विजेत्या संघाचा स्टॅन्ले कप. अंतिम फेरीत समोर कोण होतं माहीत आहे? कॅल्गरी. सातपैकी सहाव्या सामन्याला कॅल्गरी ३-२ विजयांनी पुढे, सामना त्यांच्याच घरच्या बर्फावर, एक विजय मिळवला की कप त्यांचा. सामना जादा वेळेत गेला, मग दुसऱ्या जादा वेळेत. ती सुरू होऊन ३३ सेकंद झाली होती. गोलरक्षकाला लागून पक (खेळायची रबरी चकती) परत आला, सँ लुई मोकळ्या जागेत सरकला होताच, आणि त्यानं तो आत ढकलला. ज्या शहरानं सोडलं, त्याच शहरात. दोन दिवसांनी टँपानं सातवा सामना २-१नं जिंकला.

त्या संघाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. कॅल्गरीत त्याला गोल करायच्या नव्हे, समोरच्याला थोपवायच्या कामाला लावलं जायचं. लहान चणीच्या खेळाडूचं नेहमी हेच होतं. त्याला जे येतं ते करायची जागा मिळत नाही, आणि दिलेल्या कामात तो कमी पडला की लोक म्हणतात, बघा, उंचीच नाही.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते. २००५मध्ये लीगनं अडवाअडवी, पकडापकडी, स्टिकनं ओढणं यांवर कडक शिक्षा लावायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून वेगवान, छोट्या खेळाडूंचे दिवस आले असं म्हणतात. ते खरंच आहे. पण सँ लुईनं हार्ट ट्रॉफी मिळवली ती त्याच्या आधी, जुन्या रेटारेटीच्या काळात. पुढे २०१३मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, त्यानं पुन्हा आर्ट रॉस मिळवली. इतक्या वयात ती कुणीच मिळवली नव्हती. कारकिर्दीत ११३४ सामने, १०३३ गुण, आणि २०१८मध्ये हॉल ऑफ फेम.

आता यातून काय घ्यायचं? "बघ, तोही छोटा होता, तूही होशील" असं मुलाला म्हणू नका. ते वाक्य प्रेमाचं वाटलं तरी त्याच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवतं. त्यापेक्षा सँ लुईच्या जुन्या सामन्यांच्या चित्रफिती त्याच्या शेजारी बसून बघा आणि पकवर नका, पायांवर नजर ठेवा. मांड्या जाडजूड, गुडघे कायम वाकलेले, कंबर खाली. समोरचा सव्वासहा फुटी गडी धडक द्यायला येतो तेव्हा त्याला धडकायला खांदाच सापडत नाही. आणि पक कोपऱ्यात गेला की बघा, सँ लुई तिथे पोचायच्या आधी मान वळवून मागे बघतो. एकदा नाही, दोनदा. मागून कोण येतंय, कुठल्या बाजूनं येतंय, आपला माणूस कुठे मोकळा आहे, हे सगळं पकला हात लावायच्या आधीच ठरलेलं असतं. उंच मुलाला हे उशिरा शिकलं तरी चालतं, त्याचं अंग त्याला सांभाळून घेतं. लहान चणीच्या मुलाला ते तेराव्या वर्षीच शिकावं लागतं. पंचविशीत सँ लुईला आलेली धार याच शिकण्यातून आली असं मला मनापासून वाटतं.

याच्याशीच जोडलेला एक काळजीचा मुद्दा आहे. तुमच्या मुलाच्या वयोगटात आता बॉडी चेकला (अंगानं धडक देऊन अडवायला) परवानगी असते. २०१३पासून कॅनडात अकरा-बारा वर्षांच्या गटात ती बंद आहे. त्याआधी अल्बर्टात ती चालायची आणि क्यूबेकमध्ये नाही. २०१०च्या अभ्यासात या दोन प्रांतांतली त्या वयाची मुलं ताडून पाहिली, तेव्हा अल्बर्टातल्या मुलांना दुखापतीचा धोका तिपटीहून जास्त निघाला. मी घाबरवत नाही. पण ३८ किलोचं पोर ६० किलोच्या पोरासमोर उतरतं तेव्हा "घाबरू नकोस, भिड" एवढं सांगून भागत नाही. धडक कशी घ्यायची हे वेगळं शिकवावं लागतं. बोर्डला (रिंकभोवतीच्या भिंतीला) लागून असताना अंग बोर्डला चिकटवून, तिरपं ठेवून घ्यायची. सर्वांत वाईट जागा म्हणजे बोर्डपासून दोन-चार फुटांवर, पाठ करून, मान खाली घालून उभं राहणं. सरावाला जाल तेव्हा प्रशिक्षकांना सरळ विचारा, याला धडक घ्यायला कोण शिकवतंय? "आपोआप येतं" असं उत्तर आलं तर तो संघ ट्रिपल ए असो की आणखी वरचा, माझ्या लेखी कमीच. डोक्याला मार लागला, चक्कर आली, उजेड सहन होईना, तर त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टर. तिथे कुणाचंच ऐकायचं नाही, मुलाचंही नाही.

मुलाचा जन्म नोव्हेंबरचा आहे, हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण ते फार महत्त्वाचं आहे. कॅनडातल्या हॉकीत वयोगट जानेवारी ते डिसेंबर असा धरतात. म्हणजे तुमचा मुलगा ज्यांच्याबरोबर ट्रायआउटला उभा राहतो, त्यांतले काही त्याच्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठे. तेराव्या वर्षी दहा महिने म्हणजे मिशी फुटलेला मुलगा आणि न फुटलेला मुलगा. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं वरच्या संघांत जास्त आणि शेवटाला जन्मलेली कमी असतात, हे कॅनडातल्याच मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं. प्रशिक्षक वाईट असतात म्हणून नव्हे. वाढ आणि गुण यांत त्या वयात फरक करणं अवघड असतं, आणि त्यांना येत्या हंगामात जिंकायचं असतं. हे मुलाला नीट समजावून सांगा. त्याच्या मनात आत्ता "माझ्यात खोट आहे" असं बसलंय. खरं म्हणजे त्याची तुलनाच वयानं मोठ्या मुलांशी होतेय.

इंजेक्शनचं. ओळखीच्यांचा सल्ला कितीही मायेचा असला तरी हे त्यांचं काम नाही. तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे जा, लहानपणापासूनची उंची-वजनाची नोंद न्या, आणि मुलांच्या एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरांकडे) पाठवायची गरज आहे का ते विचारा. ते बहुधा डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढायला सांगतील. त्यावरून हाडांचं वय कळतं. कित्येक तेरा वर्षांच्या मुलांची हाडं साडेअकरा-बारा वर्षांची असतात, ती उशिरा वाढतात आणि उशिरापर्यंत वाढत राहतात. तुमच्या माहेरी-सासरी कुणी दहावीनंतर एकदम ताडमाड झालं होतं का, तेही आठवून ठेवा, डॉक्टर विचारतील. आईवडिलांच्या उंचीवरून एक ढोबळ अंदाजही काढतात. दोघांच्या उंचीची बेरीज करायची, मुलगा असेल तर त्यात १३ सेंटीमीटर मिळवायचे आणि दोननं भागायचं. तुमच्या घरचा आकडा येतो १६८ सेंटीमीटर, म्हणजे ५ फूट ६. त्याच्या आठ-नऊ सेंटीमीटर इकडे किंवा तिकडे. तो सहा फुटी होणार नाही हे जवळपास नक्की, पण आजच्या ४ फूट १० वरून तो बराच पुढे जाणार हेही तितकंच नक्की मानायला हरकत नाही.

तपासणीत हार्मोनची खरी कमतरता निघाली तर तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि ते डॉक्टर सांगतील तसे जरूर करा. तसं काही नसेल, तर हॉकीसाठी म्हणून निरोगी पोराला रोज सुई टोचायची नाही. शिवाय ग्रोथ हार्मोन हे खेळातल्या बंदी असलेल्या द्रव्यांच्या यादीत आहे. वैद्यकीय कारणासाठी घ्यायचं झालं तरी रीतसर परवानगी लागते.

इथे एनएचएलमधल्या लेन हटसनची गोष्ट सांगायला हवी. २०२२च्या निवडीआधी त्यानं संघांना एंडोक्रिनॉलॉजिस्टचं पत्र दाखवलं होतं, की माझी वाढ अजून बाकी आहे म्हणून. तरीही ६१ नावं पुकारून झाल्यावर ६२वं नाव त्याचं आलं, माँट्रियलनं घेतलं. तो बचावपटू आहे, आणि बचावपटू तर उंचच हवा असं सगळे मानतात. आज त्याची नोंद ५ फूट ९ इंच आहे. २०२४-२५च्या हंगामात त्यानं ६६ गुण मिळवले आणि सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी नेली. प्रशिक्षक कोण? सँ लुई. त्याच संघात कोल कॉफील्ड, ५ फूट ८. २०२१-२२मध्ये आधीच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली ३० सामन्यांत त्याचा गोल १. फेब्रुवारीत सँ लुई आला, आणि उरलेल्या ३७ सामन्यांत २२. पोरगा तोच, उंची तीच. आणि सँ लुईला त्याआधी व्यावसायिक संघ सांभाळायचा काहीच अनुभव नव्हता, तो आपल्या मुलांच्या संघांना शिकवत होता! म्हणून म्हणते, लहान चणीच्या मुलाला चांगल्या संघापेक्षा चांगल्या माणसाची जास्त गरज असते. ट्रिपल एच्या खालच्या डबल ए संघात त्याला महत्त्वाच्या वेळी बर्फावर उतरवणारा, चूक झाली तरी पुढच्या शिफ्टला पुन्हा पाठवणारा प्रशिक्षक मिळत असेल, तर डोळे झाकून तिथे घाला. ट्रिपल एच्या बाकावर बसून मुलगा वाढत नाही.

त्या "माझ्याकडे पाठवा" म्हणणाऱ्या गृहस्थांबद्दल मी कडक बोलणार आहे. पाठवू नका. ते सज्जन असतीलही, मी त्यांना ओळखत नाही. पण थिओ फ्लुरीचं उदाहरण माझ्या मनातून जात नाही. ५ फूट ६ इंचांचा खेळाडू, १९८७मध्ये १६६व्या क्रमांकावर निवडलेला, १९८९मध्ये कॅल्गरीबरोबर स्टॅन्ले कप, १०८४ सामन्यांत १०८८ गुण. लोक त्याची जिद्द सांगतात, सांगायलाच हवी. पण पोरवयात, घरापासून दूर, ज्युनियर हॉकीत असताना त्याच्या प्रशिक्षकानं त्याचं लैंगिक शोषण केलं होतं. हे त्यानं मोठेपणी जाहीरपणे सांगितलं, आणि त्या माणसाला न्यायालयानं शिक्षाही केली. मध्ये दारू आणि ड्रग्जमध्ये त्याची किती वर्षं गेली. ज्या मुलाला सगळ्यांनी "तू लहान आहेस" म्हणून नाकारलंय, त्याला "तुला मीच घडवीन" म्हणणारा एकच माणूस देवासारखा वाटतो. तो माणूस चांगला असला तर बरं, पण नसला तर मूल घरी काही सांगू शकत नाही, कारण सांगितलं तर हॉकी जाईल. तेराव्या वर्षी मुलानं रात्री आईबापाच्या घरी झोपावं. उन्हाळ्यात आठवडाभराचं शिबिर वेगळं, तिथे जाऊ दे. आणि शिकवणारा कुणीही असो, बंद दाराआड एकट्यानं शिकवणी नाही, मुलाच्या फोनवर खासगी निरोप नाहीत. हे तुम्ही आणि बाबांनी एका सुरात सांगा.

बाबांबद्दल. "पुरे" म्हणण्यामागे त्यांची माया आहे, पोराचा पुन्हा अपमान बघवत नाही त्यांना. पण आत्ता खेळ थांबवलात तर मुलगा एवढंच शिकेल की आई-बाबांनाही तसंच वाटतं. त्यांना सांगा की अभ्यास आणि हॉकी इथे एकमेकांच्या आड येत नाहीत. सँ लुई विद्यापीठाच्या वाटेनं गेला. लहान चणीच्या, उशिरा वाढणाऱ्या मुलांना ती वाट मानवते, कारण तिथे बावीस-तेवीस वर्षांपर्यंत वेळ मिळतो. पूर्वी कॅनडातल्या मेजर ज्युनियरमध्ये (तरुण खेळाडूंच्या वरच्या लीगमध्ये) एकदा खेळलं की अमेरिकन विद्यापीठांच्या हॉकीचं दार बंद व्हायचं, त्यामुळे पंधरा-सोळाव्या वर्षीच ठरवावं लागायचं. २०२५च्या हंगामापासून तो नियम सुटला आहे. पण प्रवेशाला शाळेचे गुण लागतातच. बाबांना गणित-विज्ञानाकडे लक्ष द्यायचं असेल तर याच कारणासाठी द्यावं, म्हणजे मुलाला ते आपल्या विरोधात वाटणार नाही.

आता पावडरीचा डबा. रागवू नका. "हा आपण डॉक्टरांना दाखवू" म्हणा आणि बरोबर न्या. अशा डब्यांत लिहिलंय तेच असतं याची खात्री नसते. उंची वाढवणारी पावडर नावाची गोष्टच अस्तित्वात नाही. लोंबकळल्यानं उंची वाढत नाही, पण पकड सुधारते, तेव्हा बार राहू दे. खरी गरज आहे ती पोटभर जेवणाची आणि झोपेची. एवढी मेहनत करणाऱ्या मुलाला पुरेसं खाणं मिळालं नाही तर वाढ खुंटते. सरावाहून आल्या-आल्या अंडी, पनीर, वरणभातावर तूप, थालीपीठ-दही, जे आवडेल ते. वाढीचं हार्मोन गाढ झोपेत स्रवतं आणि या वयाला ८ ते १० तास झोप लागते. सकाळी साडेपाचला रिंकवर असेल तर आदल्या रात्री फोन तुमच्या खोलीत.

एक माझ्या घरचं सांगते. माझा धाकटा असाच चणीनं लहान होता. मी त्याला रोज दुधाचा मोठा पेला द्यायचे, उंची वाढते म्हणून बास्केटबॉलला घातलं, पाहुणे आले की त्यांच्या मुलाशेजारी उभं करायचे. सगळं मायेपोटी. तो सोळा वर्षांचा असताना एकदा भांडी पुसता पुसता म्हणाला, "आई, मला वाटायचं माझ्यात काहीतरी बिघडलंय आणि तुम्ही ते दुरुस्त करताय." माझ्या हातातली ताटली तशीच राहिली. त्या दिवसापर्यंत मला कळलंच नव्हतं की माझ्या प्रत्येक पेल्यात त्याला काय ऐकू येत होतं.

म्हणून सासूबाईंनाही प्रेमानं सांगा. "मूर्ती लहान पण कीर्ती महान" ही म्हण कौतुकाची आहे, पण तिची सुरुवात "लहान" पासून होते, आणि मध्ये "पण" येतो. त्यापेक्षा त्यांनी फोनवर विचारावं, काल कुणाला पास दिलास? कोपऱ्यातून पक कसा काढलास? आजीला हॉकी कळत नसली तर आणखी छान, तो समजावून सांगेल. सांगताना त्याच्या तोंडून स्वतःच्या खेळाबद्दल चार चांगली वाक्यं निघतील. ती सध्या त्याला स्वतःच्या कानांनी ऐकायची फार गरज आहे.

आणि एक दिवस तो स्वतःच म्हणाला, मला नाही खेळायचं, तर तेही ऐका. फक्त तो उंचीमुळे म्हणतोय की मन उडालंय म्हणून, एवढं शांतपणे बघा.

पुढच्या सामन्याहून परत येताना गाडीत खेळाचा विषय तुम्ही काढू नका. किती गोल, किती वेळ उतरवलं, कुणी ढकललं, काही नाही. ओल्या ग्लोव्हजचा तो वास येत असेल, काचा खाली करा. डब्यात काहीतरी गरम असू द्या. तो बोलला तर ऐका. डॉक्टर काय म्हणतात ते मात्र मला नक्की कळवा, मी वाट बघते.

तुमची,
ताई